लिंक नको, फाइल द्या

आमच्या लघुपटवाल्या मित्रांचा तिकडे एक जुना वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, मोठ्या पडद्यासाठी केलेला लघुपट फोनवर दाखवणं म्हणजे त्याची माती करणं. दुसरी म्हणते, महोत्सवातले चाळीस प्रेक्षक सोडले तर तो पाहणार कोण? भांडण पडद्याच्या मापावरून. मला परदेशातून नडतं ते वेगळंच.

इकडे अमेरिकेत येताना डीव्हीडी आणल्या होत्या. प्लेअरनं त्या घेतल्याच नाहीत, कारण डीव्हीडींसाठी जग विभागांत वाटलेलं, भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या. आता चकत्या गेल्या, पण कुंपण तसंच आहे. मित्र कौतुकानं लिंक पाठवतो आणि पडद्यावर उमटतं, ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही’.

खिशातल्या पडद्याशी लघुपटाचं गोत्र तसं पहिल्यापासून जुळलेलं. ऑक्टोबर 2005 मध्ये व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आला, तेव्हा त्याच्यासोबत पिक्सारचे सहा लघुपटही विक्रीला होते. पडदा अडीच इंचांचा! त्यावर तीन तासांचा सिनेमा कोण बघेल? पाच मिनिटांचा मात्र सहज बघून होतो. पुढे 2020 मध्ये क्विबी नावाचं व्हिडिओ ॲप आलं, फक्त फोनसाठी, दहा मिनिटांच्या आतले भाग घेऊन. पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले आणि वर्ष संपायच्या आत गाशा गुंडाळला. ‘बघा, फोनवर चालत नाही’ म्हणून मित्र तेच उदाहरण तोंडावर फेकतात. मला ते पटत नाही. सुरुवातीला तिथलं काही टीव्हीवर टाकता येत नव्हतं, साधा स्क्रीनशॉटही घेता येत नव्हता. पाहिलेलं दुसऱ्याला दाखवायची सोयच नसेल तर बोलबाला कसा होणार?

ऑस्करची अडचण मात्र खरी. पात्रता मिळण्याआधी लघुपट ऑनलाइन गेला की बाद. तोवर थांबा, हरकत नाही. पण महोत्सवांची फेरी उरकल्यावरही फाइल हार्ड डिस्कवर कुजत का ठेवायची? दहा मिनिटांचा लघुपट दोन एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट धरून, काढला तर जेमतेम दीडशे एमबी होतो. मेमरी कार्डावर, पेन ड्राइव्हवर कुठेही मावतो आणि एकदा हातात आला की देश विचारत नाही. चोरी होईल म्हणता? ज्याचे पैसेच मिळत नाहीत त्याची कसली चोरी!

परवा एकानं अखेर फाइल पाठवली. ट्रेनमध्ये उभ्यानं पाहिली. सबटायटल मुंगीएवढी, रात्रीचा प्रसंग निव्वळ काळा, संवाद इअरफोनमध्ये पार्श्वसंगीताखाली बुडालेले. मोठ्या पडद्यावाल्यांची तक्रार तेवढ्यापुरती मान्य. मी पाठवणाऱ्याला कळवलं, अक्षरं मोठी कर, अंधार थोडा उजळ आणि पुन्हा पाठव.