गंगापूर रोडचा आदिमानव

आमच्या घरात अंड्याचा तवा गॅलरीत राहतो. तिथे त्याचं छोटंसं संस्थान आहे: एक जुनी इंडक्शन शेगडी, एक उलथनं आणि दांडा तुटलेला चमचा. आई पक्की शाकाहारी आणि बायको ‘खाते, पण करत नाही’ या पक्षाची. त्यामुळे रविवारी सकाळी मी गॅलरीत उभा राहून ऑम्लेट करतो आणि समोरच्या इमारतीतले काका पेपरवरून डोकं वर काढून, सूर्याऐवजी माझंच दर्शन घेतात. काम झालं की तवा धुऊन कुंडीमागे. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने जन्मात पाहिलेला नाही.

या तव्याचे दिवस फिरले ते माझ्या रिपोर्टमुळे. बँकेच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं मोजमाप, ६.१ आलं. ५.७ च्या खाली असलात तर सुटलात, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात माझ्यासारखी माणसं लटकलेली असतात, एक पाय फलाटावर आणि एक गाडीत. बायको म्हणाली, “गोड कमी करा.” हा सल्ला इतका साधा होता की तो मनावर घेणं मला जमेना.

तेवढ्यात पुण्याहून भाचा आला. तो आयटीत आहे आणि दर सहा महिन्यांनी त्याचा धर्म बदलतो. मागच्या खेपेला तो दर दोन तासांनी खाणारा होता, त्याआधी दिवसातून एकदाच. या खेपेला तो आदिमानव होता.

“मामा, माणूस पंचवीस लाख वर्षं शिकार करून आणि कंदमुळं वेचून जगला. शेती आली जेमतेम बारा हजार वर्षांपूर्वी. आपली जनुकं अजून गुहेतच बसलीयेत आणि तू त्यांना पोळी खायला घालतोस. पॅलिओ कर. एकवीस दिवस.”

“म्हणजे खायचं काय?”

“मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुका मेवा. धान्य नाही, कडधान्य नाही, दूधदुभतं नाही, साखर नाही.”

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने हात थांबवला. “दाण्याचं कूट?”

“शेंगदाणे कडधान्यात येतात, आजी.”

आईने आजवर कूट न घालता कोशिंबीर केलेली नाही, भेंडी केलेली नाही, वांगं तर नाहीच नाही. माणसाने कुटाशिवाय पंचवीस लाख वर्षं काढली हे ऐकून तिला त्याची मनापासून कणव आली असावी. “गरीब बिचारे,” एवढंच म्हणून तिने पुन्हा लसूण हातात घेतला.

ही कल्पना नवी नाही. १९८५ साली बॉइड ईटन हा अमेरिकन डॉक्टर आणि मेल्विन कॉनर हा मानववंशशास्त्रज्ञ या दोघांनी एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून तिला प्रतिष्ठा दिली. (खाण्याबद्दल लिहिणाऱ्याचं आडनाव ईटन असावं, हा योग बघा.) आणि आदिमानव मला काही परका नव्हता. आम्ही नाशिककर. गंगापूरजवळ गोदावरीकाठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडलेली आहेत. म्हणजे तोही गंगापूर रोडचा आणि आम्हीही गंगापूर रोडचेच. फरक एवढाच, की आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे. शेजारधर्म म्हणून मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली.

पहिले तीन दिवस तवा राजासारखा तापला. सकाळी तीन अंडी, रात्री दोन. दुपारच्या डब्यात पोळीशिवाय भाजी. पोळीशिवाय भाजी खाणं म्हणजे शाईशिवाय शिक्का मारणं. डाव्या हाताने चमचा धरून मी भोपळी मिरची खात होतो आणि उजव्या हाताची बोटं आपसूक डब्याच्या खालच्या पुडात चतकोर शोधत होती. शेजारच्या टेबलावरचा कॅशियर म्हणाला, “साहेब, घरी भांडण झालंय का?”

चौथ्या दिवशी गणपती आले.

मराठी पंचांग आणि अश्मयुग यांचा मेळ बसत नाही, हे भाच्याने आधी सांगायला हवं होतं. आईने सकाळीच जाहीर केलं, “गणपती घरात असताना अंडं नाही. गॅलरीतसुद्धा नाही.” म्हणजे धान्य भाच्याने बंद केलेलं, अंडी आईने बंद केलेली, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मी आणि काकडी. दुपारी ताटात उकडीचा मोदक आला. फोनवर विचारलं. भाचा म्हणाला, वरची पारी तांदळाची, ती नको. सारणातला गूळ नको. वरचं तूप नको. मग उरलं काय? खवलेला नारळ. एकवीस मोदकांच्या नैवेद्यासमोर बसून मी वाटीभर खोबरं चावत होतो. बायकोने गणपतीकडे बघून हात जोडले. काय मागितलं ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा आईचा नेम. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. परसात, वेलीवर, मातीत आपसूक आलेलं तेवढं घ्यायचं. अळूचे देठ, सुरण, माठ, पडवळ, लाल भोपळा, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे, थोडा नारळ, मिरची, चिंच. ही ऋषीची भाजी मी आयुष्यभर तोंड वाकडं करून खाल्ली. त्या दिवशी मात्र तीन वाट्या खाल्ल्या आणि माझ्या लक्षात आलं, की भाचा ज्याला पॅलिओ म्हणतो ते आई भाद्रपदात वर्षातून एकदा फुकटात करते. उत्साहाने फोटो पाठवला. उत्तर आलं: “मका धान्यात येतो. काढून टाक.”

आईला वाचून दाखवलं. “ऋषींना चालतो नि याला चालत नाही?” ती म्हणाली. “आणि हे एक दिवसाचं असतं रे. ज्या बैलाला परवा पुरणपोळी घातली त्याला एक दिवस सुट्टी. कायमचा सोडला तर खाशील काय?”

गौरींचं जेवण मी खोलीचं दार लावून काढलं. त्याबद्दल अधिक लिहवत नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी मित्रांनी मिसळीला नेलं. नाशिकात रविवारी सकाळी मिसळीला नाही म्हणणाऱ्या माणसाच्या घरी लोक तब्येतीची चौकशी करायला येतात, म्हणून गेलो. ताट समोर आलं आणि मी हिशेब मांडला. मटकी: कडधान्य. शेव: कडधान्याचं पीठ. पाव: मैदा. दही: दूध. पापड: पुन्हा कडधान्य. तर्री तांत्रिकदृष्ट्या चालली असती, पण मिरचीच मुळी पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेली. गंगापूरच्या शेजाऱ्याने ती स्वप्नातही पाहिली नसणार. शेवटी मी वाढपी पोराला म्हणालो, “मला फक्त लिंबू आणि कांदा ठेव.” त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने गल्ला बंद करून माझ्याकडे पाहिलं.

उपाशी माणसाला रात्री झोप लागत नाही, आणि झोप लागली नाही की माणूस वाचतो. भाच्याने ही बाब गृहीत धरलेली नव्हती. दहाव्या रात्रीपासून मी आदिमानवाची फाइल उघडली, आणि बँकेतली पंचवीस वर्षांची सवय, कागदपत्रं जुळेनात.

इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो नावाची जागा आहे. तिथे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी जव आणि गव्हाचे दाणे सापडले, आणि दळायचा दगडही. जॉर्डनमध्ये शुबायका इथे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे मिळाले. तिथे शेती सुरू व्हायच्या तब्बल चार हजार वर्षं आधी! इराकच्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणातसुद्धा शिजवलेल्या धान्याच्या पिठुळ कणांचा माग निघाला. म्हणजे ज्याच्या नावाने माझी पोळी बंद झाली, त्याच्याच दातात ती अडकलेली होती. सकाळी आईला भाकरीची गोष्ट सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला, “जळके तुकडे? म्हणजे तव्यावरून लक्ष उडालं असणार तिचं. पोर रडलं असेल.”

पुढे वाचत गेलो तसा बाजारसुद्धा संशयास्पद दिसायला लागला. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली ही एकाच रानटी झाडाची माणसाने घडवलेली भावंडं. रानकेळं म्हणजे बियांनी गच्च भरलेली पिशवी. रानबदाम कडू, त्यात सायनाइड तयार होतं. आमच्या नाशिकची बिनबियांची द्राक्षं तर कलमाशिवाय वाढतच नाहीत. मी पिशवी घेऊन भाजी बाजारात उभा होतो, हातात आदिमानवाची यादी, आणि समोर जे जे होतं ते सगळं शेतकऱ्याने केलेलं. बाजारातले बदाम दिंडोरीच्या शेतकऱ्याने पिकवलेले नव्हते एवढंच, म्हणून ते महाग.

भाच्याचा मुद्दा, की जनुकं गुहेतच बसलीयेत. तर तीही बसलेली नाहीत. मोठेपणी दूध पचवण्याची ताकद काही मानवसमूहांत आली ती गेल्या दहा हजार वर्षांतच. पूर्वजांना हृदयविकार नव्हता म्हणावं, तर २०१३ साली चार वेगवेगळ्या प्रदेशांतल्या १३७ जुन्या ममींचं स्कॅनिंग झालं आणि साधारण दर तिघांत एकाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या निघाल्या. त्यांत इजिप्तचे धान्य खाणारे होते, तसे अ‍ॅल्यूशियन बेटांवरचे शिकारीही होते.

एकदा रात्री अकराला त्याला फोन लावला. “टांझानियातले हाडझा लोक आजही शिकार करून आणि वेचून जगतात. ते मध खातात. भरपूर. आणि गोरखचिंचेची फळं, कंद. तुझ्या यादीत मध कुठाय?”

“मामा, तू झोप.”

“आणि ते अन्नासाठी रोज कित्येक किलोमीटर चालतात. तू पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालतोस.”

“मी बदामाच्या पिठाची ब्राउनी खातोय, नंतर बोलू?”

तो पॅलिओ ब्राउनी खात होता. आदिमानवाने ओव्हन कुठल्या गुहेत ठेवला होता, हे विचारायच्या आत फोन कट झाला.

गणपती गेले, अनंत चतुर्दशी झाली, तवा पुन्हा तापायला लागला. तोच पितृपंधरवडा लागला आणि तवा पुन्हा कुंडीमागे गेला. बाबांची तिथी चतुर्थीची. माझ्या व्रताचा एकोणिसावा दिवस.

पहाटेपासून स्वयंपाकघरात खीर आटत होती. वडे, कढी, गवार, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, भाताची मूद. आईने पानात एका बाजूला ताकभाताचा छोटा घास ठेवला. हा विधीत नसतो. बाबांना रात्री ताकभात लागायचा, म्हणून. बाबा चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले. वजन आयुष्यभर अठ्ठावन्न किलो, दोन्ही वेळ भात, आणि निवृत्तीपर्यंत सायकल. मी पान घेऊन गच्चीवर गेलो. कावळ्याची वाट बघावी लागली नाही. तो टाकीवर बसलेलाच होता. खाली आला, खिरीकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि वडा उचलून गेला. कडधान्य. माझ्या मागे जिन्यात उभी असलेली आई म्हणाली, “झालं. आता तू बस जेवायला.”

मी बसलो. खीर, वडे, भात, कढी, आणि उरलेला ताकभातसुद्धा. एकोणिसाव्या दिवशी मी एकदाचा पूर्वजांसारखा जेवलो.

वजन अडीच किलो उतरलं होतं, हे मान्य करतो. एचबीएवनसी तपासायला गेलो तर लॅबवाल्याने परत पाठवलं. ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी असते, एकोणीस दिवसांत काय कळणार? मग डॉक्टरकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, काय काय सोडलं? मी यादी सांगितली. पाच चहांतली साखर, चारची बिस्किटं, पाव, संध्याकाळचा फरसाण, डाळ, दूध, पोळी, भाकरी.

“पहिल्या चार गोष्टींचा गुण आला,” डॉक्टर म्हणाले. “डाळींनी तुमचं काय वाकडं केलं होतं? प्रथिनं तीच, चोथा तोच. आणि दूध बंद, नाचणीही बंद, तर कॅल्शियम कुठून आणणार होता? हाडांचा आदिमानव करायचाय का?” मग कागदावर लिहिलं: रोज चाळीस मिनिटं चालणं. ज्वारीची भाकरी एक. वरण, उसळी घ्या. साखर, मैदा, तळलेलं बंद.

“मिसळ?” मी शक्य तितक्या सहज विचारलं.

त्यांनी पेन थांबवलं. “मटकी चालेल. शेव नको, पाव नको.”

रविवारी चालतच मिसळीला गेलो. दारातून आत पाऊल टाकतो तोच वाढपी पोराने आत भटारखान्याकडे तोंड करून हाळी दिली, “लिंबू-कांदा आले बरं का!”

मी बसलो आणि नीट समजावून सांगितलं. मटकी भरपूर, कांदा भरपूर, तर्री बेताची. शेव नको, पाव नको.

मालकाने गल्ल्यावरूनच ऐकलं. “साहेब,” तो म्हणाला, “त्याला उसळ म्हणतात. ती घरी मिळते.”