तेंडुलकर, 'कन्यादान' आणि आपण मराठवाड्यातले

सर, जय भीम.

तेंडुलकरांच्या एकूण नाट्यलेखनावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. 'धन्यवाद' म्हणून तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की तेंडुलकरांनी आयुष्यभर एकच नाटक लिहिलं, हिंसेचं. त्यांचं जग दादर ते डेक्कन एवढंच, मराठवाडा त्यात कुठंच नाही. आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या पायी इकडं वस्त्या जळून पुरती पाच-सहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा 'कन्यादान'मधून त्यांनी दलित तरुण उभा केला तो गरोदर बायकोला मारणारा. अशा माणसाचे गोडवे नांदेडच्या माणसानं का गावेत आणि आपल्या नांदेडच्याच नाटककार दत्ता भगतांवर एक ओळही का लिहू नये, असा तुमचा रोखठोक सवाल आहे. तुम्ही तेव्हा औरंगाबादला, मिलिंद कॉलेजच्या नागसेनवनात शिकत होता, त्यामुळं हा सवाल पुस्तकातून आलेला नाही, हेही मला कळतं.

'एकच नाटक' हे मात्र मला मान्य नाही. 1972 हे एकच साल घ्या. त्या साली 'सखाराम बाइंडर' आलं आणि डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल' आलं. एक चार भिंतींच्या आतलं, बोलीतलं, घामट. त्यात निळूभाऊ फुले आणि लालन सारंग. दुसऱ्यात भिंतच नाही, माणसांची रांग हीच भिंत आणि तोच पडदा, कीर्तन-लावणीचा सूर आणि मधूनच त्या रांगेतून डोकावणारा नाना फडणवीस. ही दोन नाटकं एकाच माणसाची आहेत हे नाव झाकून कुणाला ओळखता आलं असतं? त्याच्या अलीकडंच 'अशी पाखरे येती'सारखं हळुवार, हसतं नाटक आहे. त्याच्याही आधी 'गृहस्थ' पडलं तेव्हा त्याच माणसानं ते वर्षांनंतर पुन्हा हातात घेऊन 'कावळ्यांची शाळा' केलं. साचा सापडलेला लेखक असल्या उचापती करत नाही.

तरी तुम्हाला त्यात एकच एक काहीतरी जाणवलं, ते खोटं नाही. मला ते हिंसा वाटत नाही. मला ते 'चारचौघं' वाटतं. चारचौघांत बसणारी, बोलणारी, वागायला सभ्य माणसं एकत्र आली की एकट्या माणसाचं काय करतात, हे तेंडुलकर पाहत राहिले. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाईंना कुणी बोटही लावत नाही, पण ते नाटक पाहून आलेल्या माणसाला घरी जाऊन जेवण गोड लागत नाही.

'शांतता! कोर्ट चालू आहे' आपल्याकडं राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत वारंवार का निघतं, त्याची कारणं तुम्हालाही ठाऊक आहेत: एकच सेट, खुर्च्या-टेबल, नेपथ्याचा खर्च कमी. अडचण एवढीच की बेणारे करणारी मुलगी आणि तिला रात्री उशिरापर्यंत तालमीला पाठवणारे आई-वडील मिळायला हवेत. पण इकडच्या संघांच्या प्रयोगांत मी एक गोष्ट हमखास पाहिली आहे. सामंताची भूमिका आपली पोरं सगळ्यात चांगली करतात. मुंबईहून आलेल्या मंडळींना हॉल उघडून देणारा, पाणी-पान बघणारा, सगळ्यांना 'हो हो' म्हणणारा गावातला भाबडा माणूस. बेणारेबाईंवरच्या लुटूपुटूच्या खटल्यात त्याला गंमत म्हणून साक्षीदार केलं जातं. तो हातातल्या कादंबरीतलं रचून रचून सांगतो आणि नेमकं तेच बाईंच्या वर्मी लागतं. वाईट हेतू त्याच्या मनात तसूभरही नाही, तरी त्या दोरीला त्याचाही एक पीळ आहेच. खेळ संपल्यावर बाकीचे 'अहो, गंमत हो ती' म्हणत मोकळे होतात, आणि कोसळलेल्या बाईंशेजारी कापडी पोपट गुपचूप ठेवतो तो सामंतच. गावाकडच्या माणसाला देव न करता आणि गावंढळही न करता लिहिलेली अशी भूमिका दादरच्या बाहेर न बघणाऱ्या माणसाला सुचत नसते.

आता मराठवाडा. 'पाहिजे जातीचे' तुम्ही वगळलंत याचं मला नवल वाटलं. महिपत बभ्रुवाहन हा खालच्या थरातून आलेला, धडपडत एम. ए. झालेला पोरगा नोकरीसाठी वणवण करतो, शेवटी खेड्यातल्या एका कॉलेजात चिकटतो, आणि तिथं विद्येपेक्षा चेअरमनची मर्जी मोठी असते. सर, यातलं कोणतं पान आपल्या जिल्ह्यातलं नाही? आज फक्त नोकरीचा भाव जोडायचा राहिला. आणि 'सामना' सिनेमा असला तरी त्याची लेखणी तीच. साखर कारखाना, हिंदुराव धोंडे पाटील, आणि एक दारुडा मास्तर गावभर विचारत फिरतो की मारुती कांबळेचं काय झालं. हा प्रश्न आपल्याकडं अजूनही मोर्चात विचारला जातो, पडद्यावर तो कुणी लिहिला हे ठाऊक नसलेली पोरंही विचारतात.

'कन्यादान'वर मात्र हात राखून बोलणार नाही. 1978च्या जुलैत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात काय झालं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावी लागली. नाटक आलं 1983 साली, या दोहोंच्या मध्ये. त्या काळात इकडच्या दलित प्रेक्षकाला त्यातला दलित कवी अरुण आठवले बघून काय वाटलं असेल, यावर मी तुम्हाला प्रवचन देणार नाही.

पण नाटकात आरोपी कोण, हे शेवटच्या अंकात पाहा. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर. मुलीनं दलित कवीशी लग्न करायचं म्हटल्यावर हा माणूस हरखतो, आपलं घर आज खऱ्या अर्थानं भारतीय झालं असं त्याला वाटतं. म्हणजे पोटची पोर त्याला आपल्या तत्त्वाचा प्रयोग वाटते. पुढं ती मार खाते, तेव्हा त्याच जावयाच्या आत्मचरित्रावर बोलायचं निमंत्रण त्याला येतं. मनात शिसारी आहे, तरी मुलीला आणखी त्रास होऊ नये म्हणून तो जातो आणि स्तुती करून येतो. त्यानंतर ती मुलगी, ज्योती, घरी येते आणि बापाला उभा सोलते. माणसातला पशू आणि माणूस वेगळा करता येत नाही हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलंच नाही, मी आता अरुण आठवलेची बायको आहे, माझ्यामागं येऊ नका, अशा अर्थाचं बोलून ती निघून जाते. तो दरवाजा बंद होतो तो नाथच्या आयुष्यभराच्या भाषणांवर. म्हणजे इथंही चारचौघांतलाच माणूस पिंजऱ्यात आहे, आणि या वेळी तो तेंडुलकरांच्या स्वतःच्या गोतावळ्यातला आहे.

दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी. नाथला घर आहे, बायको आहे, मुलगा आहे, दिवाणखाना आहे. अरुणला रंगमंचावर घरचं कुणीच नाही. त्याची आई नाही, 'असं वागू नको रे' म्हणणारा वस्तीतला एखादा म्हातारा नाही. त्याची वस्ती फक्त त्याच्या बोलण्यातून कळते. मग तो एकटाच सगळ्या समाजाचा नमुना होऊन बसतो. तुमचा राग या जागेवर असेल तर मी तुमच्या बाजूला आहे. ही नाटककाराची चूक आहे आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. 1993चा सरस्वती सन्मान याच नाटकाला मिळाला, याच नाटकापायी त्यांच्यावर चप्पलही फेकली गेली, आणि सन्मान घेताना त्या चपलेचा उल्लेख त्यांनी स्वतः केला. एवढ्यावरून मी त्यांना सोडून देत नाही. पण मारुती कांबळेसाठी मास्तरला उभा करणारा माणूस दलितद्वेष्टा होता, हे माझ्या गळी उतरत नाही.

राहिले भगत सर. त्यांना तेंडुलकरांच्या लेखाच्या शेपटाला बांधणं मला पटलं नाही, म्हणून ओळ लिहिली नाही. खरं तर 'कन्यादान'ला याहून चांगलं उत्तर माझ्या वाचनात नाही. 1987चं 'वाटा-पळवाटा' घ्या. इथं दिवाणखाना दलित प्राध्यापकाचा आहे. बाबासाहेबांच्या काळातले काका, नोकरीत स्थिरावलेला सतीश आणि भडकलेला अर्जुन, तीन पिढ्या एकमेकांची उलटतपासणी घेतात, आणि ब्राह्मण घरातून आलेली हेमा ते सगळं बघते, मध्ये बोलते. अरुणला जे माणूसबळ मिळालं नाही ते इथं भरभरून आहे. स्पष्टच सांगायचं तर शेवटच्या अंकाची धार 'कन्यादान'ची जास्त, आणि समाजाची जाण 'वाटा-पळवाटा'ची जास्त. एम. ए.च्या वर्गात ही दोन नाटकं पाठोपाठ शिकवावीत असं माझं मत आहे. म. भि. चिटणीस सरांच्या 'युगयात्रा' नाटकापासून मिलिंद कॉलेजातून निघालेली जी वाट आहे, तिच्यावर भगत सर आहेत, आणि ती वाट मुंबईच्या परवानगीनं निघालेली नव्हती.

त्यांच्यावरचा लेख मी लिहायला घेतलाय. एकांकिकांच्या जुन्या प्रती मिळेनात. तुमच्या कपाटात असतील तर झेरॉक्स करून पाठवा, खर्च माझा. आणि 'कन्यादान' आलं तेव्हा नागसेनवनात तुमच्यात काय वाद झाले, कोण कोणाच्या बाजूनं होतं, ते तुम्हीच सविस्तर लिहा. एक अक्षर न कापता छापतो.