‘सिम्युलेशन म्हणजे संगणकाचा अंदाज’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या “संगणकीय सिम्युलेशनचे सत्य” या मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. सिम्युलेशन म्हणजे एखादी घटना समीकरणांच्या आधारे संगणकावर घडवून पाहणे. त्यातील दावे थोडक्यात असे : निसर्गाची अवकल समीकरणे (बदलाचा वेग सांगणारी समीकरणे) सुटतच नाहीत, म्हणून संगणक अंदाजाने आकडे भरतो, जाळी (हिशेबासाठी जागेचे केलेले लहान लहान भाग) बदलली की उत्तर बदलते, म्हणजे हवे ते उत्तर काढता येते, नॉर्वेतील समुद्रातला एक तेल-वायूचा प्लॅटफॉर्म संगणकाच्या हिशेबामुळे बुडाला, सयाजीराव महाराजांनी आजवा सरोवर संगणकाशिवाय बांधले, ऑप्टिमायझेशन (संगणकाने उत्तम रचना शोधणे) म्हणजे सुरक्षिततेत काटछाट, आणि दहा दिवसांनंतरचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या पूरनकाशांवर विश्वास ठेवू नये. समा भागात राहणाऱ्या माझ्या मावशींनी हा संदेश वाचून तळमजल्यावरचे सामान वर हलवण्याचा बेत रद्द केला. म्हणून हे उत्तर लिहिणे मला भाग पडले.

समीकरणे “सुटत नाहीत” याचा खरा अर्थ इतकाच की, बहुतेक व्यवहारी प्रश्नांत उत्तराचे एकसंध सूत्र लिहिता येत नाही. उत्तराचा आकडा मात्र हव्या तितक्या अचूकतेने काढता येतो, आणि त्यात किती चूक शिल्लक आहे हेही तपासता येते. संदेशाचा लेखक नेमके हेच लपवतो. तळाशी लांब, बारीक नळी असलेल्या टाकीतून दाट तेल वाहते आहे आणि पातळी उतरण्याचा वेग त्या क्षणीच्या पातळीच्या प्रमाणात आहे असे समजा. सुरुवातीला 100 सेंटिमीटर तेल आहे, आणि सुरुवातीचाच वेग कायम राहिला असता तर टाकी तासाभरात रिकामी झाली असती. या समीकरणाचे सूत्र उपलब्ध आहे आणि त्यानुसार तासानंतरची पातळी 36.79 सेंटिमीटर येते. आता सूत्र बाजूला ठेवून तासाचे 10 भाग करा आणि प्रत्येक भागात वेग स्थिर धरून साधी वजाबाकी करत जा, उत्तर 34.87 येईल. 20 भाग केले तर 35.85 आणि 40 भाग केले तर 36.32. उत्तर बदलते हे खरे, पण चूक 1.92 वरून 0.94 आणि तेथून 0.46 अशी दर वेळी सुमारे निम्मी होते. इतकेच नव्हे, तर शेवटच्या उत्तराची दुप्पट करून त्यातून आधीचे उत्तर वजा केले की 36.8 मिळतात, म्हणजे दोन सदोष उत्तरांतून जवळजवळ बरोबर उत्तर हाती येते. अंदाजाने भरलेले आकडे अशा शिस्तीने वागत नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी घरातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे करून पाहावे.

जाळी किंवा काळाचा टप्पा मनमानी घेता येत नाही, हेही जुनेच ज्ञान आहे. कुरां, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी 1928 साली दाखवून दिले की, लहरींसारख्या प्रश्नांत जाळीच्या अंतराच्या मानाने काळाचा टप्पा एका मर्यादेबाहेर गेला तर गणित खऱ्या उत्तराकडे जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात अशा वेळी आकडे इतके बेताल होतात की ते लपवणे अशक्य असते.

नॉर्वेच्या उदाहरणावर मात्र थांबायला हवे, कारण या संदेशातील तेवढाच भाग अर्धा खरा आहे. ‘स्लाइप्नर ए’ या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ 23 ऑगस्ट 1991 रोजी चाचणीसाठी पाण्यात खाली नेला जात असताना फुटला आणि बुडाला. चौकशीत असे आढळले की, तळाच्या कप्प्यांमधील तिकोनी पोकळ्यांच्या भिंतींवरचे कर्तन बल (भिंत कापू पाहणारा जोर) संगणकीय हिशेबात सुमारे 47 टक्क्यांनी कमी आले होते, कारण तेथील जाळी ढोबळ आणि बेढब होती. शिवाय भिंतींतील लोखंडाची मांडणीही अपुरी होती. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचे मानले जाते. संदेश येथे संपतो, आणि खरी महत्त्वाची गोष्ट येथून पुढे सुरू होते. अपघातानंतर त्याच भिंतींचा हिशेब त्याच पद्धतीने, पण काळजीपूर्वक केला तेव्हा तळ 62 मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो 65 मीटरवर फुटला होता. जी पद्धत 3 मीटरच्या फरकाने नाशाची जागा दाखवते तिला थोतांड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. नव्या तळाची आखणी संगणकाच्या निकालाची वाट न पाहता जुन्या हातगणिताने सुरू झाली, हेही मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. पण त्यातून एवढेच निघते की, संगणकाचे उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळल्याशिवाय कोणीही काँक्रीट ओतू नये. आणि जबाबदार अभियंता नेमका हाच नियम पाळतो.

आजव्याचा मुद्दा तर विषयालाच धरून नाही. यंत्र नव्हते म्हणजे गणित नव्हते असे होत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी 1911 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात दगडी धरणातील ताण काढण्यासाठी हीच जाळीची पद्धत वापरली होती आणि आकडेमोड मोबदला देऊन माणसांकडून करून घेतली होती. टाकीच्या उदाहरणातील दोन उत्तरांवरून तिसरे काढण्याची युक्ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ऑप्टिमायझेशनबद्दल एवढेच सांगतो की, संगणक दिलेल्या अटींच्या आत राहूनच उत्तम रचना शोधतो. सुरक्षिततेची अट ज्याने घातलीच नाही, दोष त्याचा आहे. मात्र असा शोध मॉडेलच्या कच्च्या जागेचा फायदा उठवू शकतो, म्हणून सापडलेली रचना बारीक जाळीवर पुन्हा तपासावी लागते.

सर्वांत घातक मुद्दा पूरनकाशांचा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यातील विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली, हे या शहराने भोगले आहे. दोन आठवड्यांनंतरचा पाऊस सांगता येत नाही, कारण वातावरणात सुरुवातीची बारीक चूक झपाट्याने वाढत जाते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 साली ते दाखवून दिले. पण पडलेला पाऊस नदीच्या पात्रात आल्यावर कसा वाहील, हा वेगळा प्रश्न आहे. फ्रेंच अभियंते सेंट-वेनाँ यांनी 1871 साली मांडलेली समीकरणे पाण्याच्या वस्तुमानाचा आणि संवेगाचा हिशेब ठेवतात, आणि तळाच्या घर्षणामुळे सुरुवातीच्या पातळीतील लहान चुका वाढण्याऐवजी विरत जातात. येथे चूक शिरते ती पुरवलेल्या माहितीतून : पात्राचे छेद (आडवे काप) जुन्या मोजणीचे असतील, गाळ आणि काठावरची बांधकामे धरलेली नसतील, किंवा धरणातून सोडलेल्या पाण्याची नोंद उशिरा मिळाली असेल, तर नकाशा चुकेल. ही तक्रार रास्त आहे आणि ती संबंधितांकडे जोराने करायला हवी. पण तिचा उपाय नकाशा फेकून देणे हा नव्हे. नकाशा करणाऱ्यांना विचारावे की पात्राची मोजणी कोणत्या वर्षाची आहे, जाळी किती मीटरची आहे, ती निम्मी केल्यावर पातळी किती इंचांनी बदलली, आणि 2024 च्या पुराचे गणित केले तेव्हा समा, फतेगंज आणि अकोट्यातील भिंतींवर उमटलेल्या पाण्याच्या खुणांशी ते किती जुळले.