दुसरी फळी आहे म्हणता, मग सही कोण करतं?

‘आमची दुसरी फळी तयार आहे’ असं सामाजिक संस्थांचे संस्थापक अगदी मनापासून सांगतात. मी पुढचं विचारते, चेकवर सही कोणाची? नवा माणूस नेमायचा निर्णय कोणाचा? मोठ्या देणगीदाराचा फोन कोणाला येतो? तिन्हींचं उत्तर एकच असेल, तर दुसरी फळी अजून उभी राहिलेली नाही.

देणगीदारांच्या बैठकीत हे उघडं दिसतं. प्रश्न येतो प्रकल्पाबद्दल. तो प्रकल्प वर्षानुवर्षं चालवणारी समन्वयक समोरच बसलेली असते, पण ती आधी ताईंकडे, म्हणजे संस्थापकांकडे बघते. मग ताईच उत्तर देतात. मध्ये आकडा अडला की ताई तिच्याकडे वळतात, ती हळूच सांगते, आणि ताई पुढे बोलू लागतात. त्या मुलीला सगळं येतं. ते तिला येतं हे बाहेर कोणालाच कळत नाही, आणि हळूहळू तिचा स्वतःवरचा विश्वासही ओसरतो. अशी किती गुणी माणसं आपण गमावली! प्रशिक्षणाला पाठवलं म्हणून नेतृत्व येत नाही. त्यासाठी एखादा निर्णय पूर्ण हातात यावा लागतो, तो चुकण्याच्या मुभेसकट.

हे जमतं, आणि जमलेलं आहे. ईलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना उभी केली आणि १९९६ मध्ये सरचिटणीसपद सोडलं. त्या गेल्या २०२२ मध्ये. म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत पाव शतकाहून जास्त काळ इतरांनी संघटना चालवली. बांगलादेशातली ‘ब्रॅक’ ही विकाससंस्थाही १९७२ चीच. तिचे संस्थापक फजले हसन आबेद यांनी २००१ मध्ये कार्यकारी संचालकपद सोडलं, पण अध्यक्ष म्हणून ते राहिले. ते पदही २०१९ मध्ये सोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचं निधन झालं. सूत्रं आधीच दुसऱ्यांकडे गेलेली होती.

पद सोडल्यानंतरचा काळ मला जास्त नाजूक वाटतो. नव्या संचालकांनी एखाद्या गोष्टीला नकार दिला की कार्यकर्ते ताईंचं घर गाठतात. ताईंचा जीव तुटतो, आयुष्य घातलेलं असतं त्यांनी. पण तिथे त्यांनी नुसतं ‘बघते मी’ म्हटलं, की नव्या माणसाचा शब्द त्याच दिवशी पडतो. म्हणून ताईंनी काय करायचं आणि काय नाही, हे विश्वस्तांनी हस्तांतराआधीच लिहून ठेवावं. आणि त्याच्याही आधी ताईंनी दोन महिने खरीखुरी रजा घ्यावी, फोन बंद ठेवून. काय अडतं आणि कोण पुढे होतं, ते आपोआप दिसेल.

विश्वस्त हा विषय टाळतात, कारण तो काढणं म्हणजे ताईंना ‘आता पुरे’ म्हणण्यासारखं वाटतं. पण संस्थापक धडधाकट असतानाच हे बोलणं सोपं असतं. अचानक आजारपण आलं तर बँकेचे व्यवहार, पासवर्ड, सुरू असलेले करार कोणाच्या ताब्यात, एवढं तरी पुढच्याच बैठकीत ठरवा.

देणगीदारांनाही कळकळीने सांगायचंय. तुम्ही प्रकल्पाला पैसे देता, पण तो चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कात्री लावता. घरभाडं भागत नाही म्हणून तिशीतली माणसं सोडून जातात, आणि त्यानंतर तुम्हीच विचारता, ताईंनंतर कोण? निदान एका उपसंचालकाचा पगार तीन वर्षं द्या, आणि पुढच्या भेटीत प्रश्न थेट तिला विचारा.