संग्रहालयाशी न्यू बेडफर्ड संपत नाही

‘देवमाशांचं संग्रहालय पाहिलं की न्यू बेडफर्ड पाहून झालं’ हे न्यू बेडफर्डवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे बंदर एकेकाळी देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. गेल्या वर्षी बॉस्टनहून आई-बाबांना घेऊन गेले होते. देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या ‘लागोडा’ जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आणि टांगलेले प्रचंड सांगाडे बघण्यासारखे आहेतच. पण तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर सेव्हन्थ स्ट्रीटवर नेथन आणि पॉली जॉन्सन यांचं घर आहे. गुलामीतून निसटलेले आणि पुढे गुलामगिरीविरोधी नेते म्हणून गाजलेले फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये आधी याच दांपत्याकडे उतरले आणि ‘डग्लस’ हे आडनावही त्यांना इथेच मिळालं. जहाजांच्या फटी बुजवण्याचं कसब त्यांच्या हातात होतं, तरी गोऱ्या कारागिरांच्या विरोधामुळे त्यांना लाकडं फोडून, कोळसा उपसून पोट भरावं लागलं. हे लेखात यायलाच हवं होतं.

आणि लुईस टेंपल? या कृष्णवर्णीय लोहाराने १८४८ मध्ये असा भाला घडवला की त्याचं टोक मांसात शिरल्यावर आडवं फिरायचं, मग देवमासा सहसा सुटत नसे. देवमाशांच्या शिकारीचा सगळा धंदा या भाल्याने बदलला, पण त्याचं पेटंट टेंपल यांनी घेतलंच नाही. सार्वजनिक वाचनालयासमोर त्यांचा पुतळा आहे. बाबा तिथे बराच वेळ थांबले होते.