‘झाडं मारू नका’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हा लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं, म्हणून आज लिहिते आहे.

थंडीत चाफ्याची पानं गळाली की कुंडीचं पाणी बंद करा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “माझा चाफा बाराही महिने हिरवा असतो, थंडीतही पाणी घालतो. अर्धवट ज्ञानावर लोकांची झाडं मारू नका.” पुढे चीक, खत, कुंडीचं माप यांवरही तक्रारी आहेत.

‘झाडं मारू नका.’ हे कुणाला म्हणताय? १९ वर्षं मी कुंड्यांतून चाफा वाढवते आहे. पहिल्या तीन फांद्या माझ्याच हातून मेल्या. कापल्या तशा ओल्याच मातीत खोचल्या आणि मायेनं रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांत बुडखे मऊ पडले, दाबले की आतून काळं पाणी यायचं. तेव्हापासून कापलेली फांदी आठ-पंधरा दिवस सावलीत कोरडी ठेवते. काप सुकून टणक झाल्याशिवाय ती मातीला लावत नाही आणि मुळं धरेपर्यंत पाणी अगदी बेतानं देते. मी लिहिते ते असं शिकलेलं असतं. त्याला अर्धवट म्हणण्याआधी निदान विचारायचं तरी होतं.

आता पाण्याचं. चाफ्याच्या जाड फांद्यांत पाणी साठलेलं असतं. पानं गळाली की बाष्प बाहेर पडणं जवळपास थांबतं, मुळं पाणी ओढत नाहीत आणि कुंडीतली माती दिवसच्या दिवस गार, ओली राहते. कूज तिथूनच चढते. जमिनीतल्या झाडाचं पाणी खाली निघून जातं, कुंडीत त्याला तेवढी जागा कुठे असते?

तुमचा चाफा बाराही महिने हिरवा राहतो, तर तो बहुधा गोलसर टोकाच्या पानांचा, म्हणजे प्लुमेरिया ऑब्ट्युसा असावा. माझा लेख टोकदार पानांच्या, पानगळीच्या प्लुमेरिया रुब्राबद्दल होता. दोन्ही जाती वेगळ्या करून सांगायला हव्या होत्या, असं म्हणाल. पण ‘पानं गळाली की’ हे शब्द लेखात आहेत. ज्याची पानं गळतच नाहीत त्याच्यासाठी तो सल्ला नव्हता. वाक्य पूर्ण वाचलं असतंत तर ही वेळ आली नसती.

चिकाचं मात्र मान्य. चाफा कण्हेरीच्या कुळातला; त्याचा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. छाटणीच्या परिच्छेदात हातमोज्यांची ओळ आज घातली आहे. खताबद्दल एवढंच, की नत्र जास्त झालं तर नुसती पानं माजतात, फुलं येत नाहीत. कुंडीच्या मापावर वाद घालायला मला वेळ नाही.

तुमच्या झाडाच्या पानाचा फोटो टाका, टोक स्पष्ट दिसेल असा. ते टोकदार निघालं आणि तरीही झाड थंडीतल्या पाण्यावर टिकलं असेल, तर कुंडीत माती, वाळू काय प्रमाणात आहे तेही लिहा. मी लेखात बदल करीन. पण ‘झाडं मारू नका’ हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं, अशी माझी अपेक्षा आहे.