जंगली चेरीचा बहर फक्त हवामानावर नाही ठरत

नमस्कार, तुमचं म्हणणं असं की जंगली चेरीची झाडं पुढंमागं फुलतात, एक फळांनी लगडतं आणि शेजारचं रिकामं राहतं, हे सगळं थंडी-पाऊस-मातीमुळे, मी उगाच जीन्स (जनुकं) मधे आणतोय. थंडीचं पटतं मला. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय चेरीची कळी जागी होतच नाही. पण त्यावरून ठरतं ते यंदा बहर लवकर का उशिरा एवढंच, एकाच उतारावरची दोन झाडं मागेपुढे का, ते नाही.

जपान बघा ना. तिथे शहरांत लावलेली सोमेई योशिनो या जातीची चेरीची झाडं ही सगळी कलमं, म्हणजे जेनेटिकली एकच झाड, त्यामुळे एका भागातली जवळपास एकदम फुलतात. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या ठरलेल्या झाडावर ५-६ फुलं उमलली की हवामान खातं बहर आल्याचं जाहीर करतं, आणि एका झाडावरून अख्ख्या शहराचं कळतं ते याचमुळे. डोंगरातली यामाझाकुरा ही जंगली चेरी मात्र बियांपासून उगवलेली, तिथे लागून उभी असलेली झाडंसुद्धा वेगवेगळ्या दिवशी फुलतात, कोवळी पानं एकाची तांबूस तर दुसऱ्याची हिरवट. आपल्याकडे बांधावरचे रायवळ आंबे एकामागून एक मोहरतात, तसंच हे.

फळांचं तर आणखी स्पष्ट आहे. बहरात पाऊस लागला, मधमाश्या फिरल्या नाहीत की फळ जातं, मान्य. पण युरोपातल्या जंगली चेरीला स्वतःचा पराग चालतच नाही, परागातला एस जीनचा (स्वतःचा पराग ओळखून अडवणाऱ्या जीनचा) प्रकार फुलाच्या प्रकाराशी जुळला की परागनलिका, म्हणजे परागातून निघणारी नळी, वाटेतच थांबते, बीजांडापर्यंत पोचतच नाही. त्यात हे झाड मुळांपासून फुटवे काढतं, त्यामुळे लांबून दहा-बारा झाडांचा घोळका दिसतो तो कधीकधी एकच जीव असतो, मग जवळपास दुसरी वेगळी चेरी नसेल तर पांढराशुभ्र फुलून पण फळ नाही! इंग्लंडमध्ये जॉन इनेस या वनस्पती-संशोधन संस्थेत परागावर एक्स-रे सोडून हा अडसर मोडलेलं रोप मिळवलं, त्याच्या वंशातली स्टेला ही बागेतली जात १९६८ साली कॅनडातून आली आणि ती एकटी लावली तरी फळते. हा फरक थंडीने पडला नाही की पाण्याने, एका जीनमधल्या बदलाने पडला.

म्हणूनच जंगली चेरीच्या बियांसाठी बाग लावताना नुसती जमीन बघून भागत नाही, एका वेळी फुलणारी आणि एस जीन वेगळा असणारी झाडं जवळ लावावी लागतात, नाहीतर बी धरतच नाही.